गिरणी कामगाराला बोलते करणारे नारायण मेघाजी लोखंडे

आजकाल मोठमोठ्या कंपन्यांत, बँकांत, अगदी सरकारी महामंडळांतसुद्धा कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षण शिबिरे भरतात. बड्या हॉटेलचा थंडगार हॉल, पडद्यावर सरकणारी चित्रे आणि कोट-टाय घातलेला व्याख्याता. टीमवर्क, कम्युनिकेशन, एम्पॉवरमेंट हे शब्द दिवसभर कानावर आदळत राहतात. शिक्षणाच्या आणि आरक्षणाच्या बळावर आपल्या समाजातली मुलेमुलीही आता त्या खुर्च्यांवर जाऊन बसली आहेत, ही आनंदाचीच गोष्ट आहे. त्यांना तिथे जपानच्या मोटार कारखान्याचे आणि अमेरिकेतल्या कुठल्याशा कंपनीचे दाखले दिले जातात. पण ज्या मुंबईत ही शिबिरे भरतात त्याच मुंबईत, परळच्या सुपारीबागेत, १८८४ साली गिरणी कामगारांना एकत्र आणून त्यांचे म्हणणे सरकारपुढे आणि मालकांपुढे मांडणाऱ्या माणसाचे नाव तिथे कुणी काढत नाही.

का काढत नाही? एक कारण सरळ आहे, व्याख्यात्याला ते नाव ठाऊकच नसते. दुसरे कारण थोडे अवघड आहे. शिबिरातल्या गोष्टीत मालक मोठ्या मनाने कामगाराला बोलण्याची मुभा देतो. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या गोष्टीत कामगार आधी बोलतो आणि मग मालकाला ऐकावे लागते. ही दुसरी गोष्ट सांगायला कुठल्या कंपनीचे पैसे मिळणार?

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात, एका गरीब माळी कुटुंबात झाला. याच वर्षी जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली. शूद्रातिशूद्रांच्या घरातला मुलगा चार बुके शिकला तर तो कुठे पोहोचू शकतो, हे पाहण्याची ती पहिलीवहिली पिढी होती. परिस्थितीने लोखंडेंना फार शिकू दिले नाही. शिक्षण अर्धवट टाकून त्यांनी नोकरी धरली आणि पुढे मांडवीच्या कापड गिरणीत ते स्टोअरकीपर झाले. ही नोकरी आम्हाला महत्त्वाची वाटते. स्टोअरकीपर ना धड मालकाचा माणूस, ना धड साच्यावरचा कामगार. त्याच्या वहीत तेल, पट्टे, धोटे, कांड्या यांची नोंद होते. कुठली वस्तू किती झिजली आणि बदलायची कधी, याचा हिशेब गिरणीत असतो. माणूस किती झिजला याचा हिशेब मात्र कुठल्याच वहीत नसतो. लोखंडेंनी या दोन्ही गोष्टी रोज डोळ्यांनी पाहिल्या.

त्या काळच्या गिरणीचे कामकाज कसे चाले, हे समजल्याशिवाय लोखंडेंचे काम समजणार नाही. मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला काढली आणि बघता बघता गिरणगाव उभे राहिले. दिवे नव्हते, म्हणून सूर्य उगवला की काम सुरू आणि मावळला की बंद. उन्हाळ्यात हे तेरा-चौदा तासांवर जाई. दुपारी भाकरी खायला जी काही मिनिटे मिळत त्यातही साचा थांबेलच याची खात्री नसे. आठवड्याची सुट्टी नावाचा प्रकार नव्हता. सणावाराला गिरणी बंद राहील तीच सुट्टी. सणाचा दिवस नसलेल्या रविवारी यंत्रे पुसायला, साफ करायला माणसे बोलावली जात. पगार महिना संपल्यावर लगेच होत नसे, तो अडकवून ठेवत. न सांगता काम सोडले तर अडकलेला पगार बुडालाच. वरून दंड: उशीर झाला दंड, सूत तुटले दंड, कापडाला डाग पडला दंड.

आणि या सगळ्याच्या मध्ये उभा असे मुकादम, म्हणजेच जॉबर. गिरणीचा मॅनेजर बहुधा लँकेशायरहून आलेला इंग्रज किंवा पारशी. कामगार रत्नागिरी, सातारा, पुण्याकडून आलेला मराठी माणूस. साहेबाला कामगाराची भाषा कळत नाही, कामगाराला साहेबाची कळत नाही. मधला पूल म्हणजे जॉबर. कामावर घेणारा तोच, काढणारा तोच, खाडा धरणारा तोच, दस्तुरी खाणाराही तोच. बायांच्या खात्यात तसलीच नाईकीण. म्हणजे कामगाराचे गाऱ्हाणे ज्याच्याविरुद्ध, ते गाऱ्हाणे साहेबाच्या कानावर घालण्याची मक्तेदारीही त्याच्याकडेच! आजच्या शिबिरांत कम्युनिकेशन गॅप म्हणून जे काही सांगतात, ते दीडशे वर्षांपूर्वी गिरणीत असे नांदत होते. ही दरी कामगाराला बोलता येत नव्हते म्हणून पडलेली नव्हती. ती काही लोकांच्या फायद्याची होती, म्हणून राखलेली होती. भटजी जसा देव आणि भक्त यांच्यामध्ये दलाल होऊन बसला, तसाच हा प्रकार. सत्यशोधकांनी देवाच्या दारातला दलाल नाकारला. त्याच विचारात वाढलेल्या लोखंडेंना गिरणीच्या दारातला दलाल ओळखायला कितीसा वेळ लागणार?

लोखंडे सत्यशोधक समाजात आले ते समाजाच्या अगदी सुरुवातीच्या वर्षांत. समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ ची. पुण्यात कृष्णराव भालेकरांनी १८७७ च्या जानेवारीत 'दीनबंधु' हे पत्र सुरू केले. ब्राह्मणेतरांचे स्वतःचे असे ते पत्र. पण आपल्या लोकांची वर्तमानपत्रे ज्या दुखण्याने आजही बेजार आहेत तेच दुखणे त्यालाही जडले: वाचक आहेत, पैसा नाही. पत्र बंद पडायच्या बेतात आले तेव्हा १८८० साली लोखंडेंनी ते मुंबईत आणले आणि १८९७ मध्ये मरेपर्यंत चालवले. सतरा वर्षे! ज्यांनी कधी चळवळीचे साधे मासिक तरी चालवले आहे त्यांना या सतरा वर्षांचा अर्थ वेगळा सांगायला नको.

'दीनबंधु'ने गिरणी कामगाराचे जिणे छापले. शेतकरी, कामगार, अस्पृश्य यांची दुःखे बातमी होऊ शकतात, हेच मुळी तोवर कुणाला माहीत नव्हते. महार सैनिकांच्या हक्कांसाठी पुढे लढणारे गोपाळबाबा वलंगकर यांचे लेखही 'दीनबंधु'त आले. मोठ्या म्हणवणाऱ्या पत्रांना काँग्रेस दिसत होती, विलायत दिसत होती. परळ-लालबागच्या चाळीत एका खोलीत दाटीवाटीने झोपणारी माणसे दिसत नव्हती.

इथे एक गोष्ट झाकून ठेवणे आम्हाला बरे वाटत नाही. जोतीरावांचा 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मध्ये 'दीनबंधु'त क्रमाने यायला लागला आणि पहिल्या दोन भागांनंतर थांबला. पुढचे भाग लोखंडेंनी छापले नाहीत. जोतीराव संतापले आणि तो संताप त्यांनी पुस्तकाच्या आरंभीच नोंदवून ठेवला. सरकारवरची इतकी जहाल टीका छापण्याचे धाडस संपादकाला झाले नाही, असेच म्हणावे लागते. आम्ही लोखंडेंना देव्हाऱ्यात बसवायला निघालेलो नाही. गुरूच्या लेखणीपुढे कचरलेला हाच माणूस पुढच्याच वर्षी गिरणीमालकांपुढे उभा राहिला, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही सांगितल्या पाहिजेत.

आता १८८४. त्याआधी तीन वर्षे पहिला फॅक्टरी कायदा झाला होता. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घेऊ नये, सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, एवढीच त्या कायद्याची झेप. शिवाय यंत्रावर चालणाऱ्या आणि शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांनाच तो लागू. मोठ्या माणसांना आणि बायांना त्यात काहीच नव्हते. सोराबजी शापूरजी बंगाली या पारशी सुधारकाने या कायद्यासाठी फार खटपट केली होती, त्यांचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनाही हिंदुस्थानातल्या कामगाराचा एकाएकी कळवळा आला होता. मुंबईचे कापड स्वस्त पडून त्यांचा माल मार खात होता, म्हणून. मुंबईचे मालक मग देशभक्तीचा झेंडा नाचवू लागले की हा कायदा म्हणजे देशी उद्योग बुडवण्याचा इंग्रजांचा डाव आहे. स्वदेशीच्या नावाखाली सात वर्षांच्या पोराला साच्याखाली वाकवायचे, ही ती देशभक्ती! विलायतचा मालक बोलत होता, मुंबईचा मालक बोलत होता, सरकार बोलत होते. ज्याच्याबद्दल हे सगळे बोलणे चालले होते त्याला कुणी विचारतच नव्हते.

मुंबई सरकारने कायद्यात काय बदल करावेत हे तपासायला १८८४ मध्ये आयोग नेमला. लोखंडेंनी संधी ओळखली. २३ आणि २६ सप्टेंबर १८८४ रोजी त्यांनी परळला सुपारीबागेत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. सत्यशोधक समाजाला अकरा वर्षे पूर्ण व्हायला त्या दिवशी एकच दिवस उरला होता. या सभांतून एक अर्ज तयार झाला आणि त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या.

या साडेपाच हजार आकड्यापाशी आम्हाला जरा थांबावेसे वाटते. ज्यांच्या पिढ्यान्पिढ्यांना अक्षर बंद होते, अशी ही माणसे. अशा माणसाची सही किंवा निशाणी कागदावर घ्यायची तर तो कागद त्याला वाचून दाखवावा लागतो, एकेक मागणी समजावून सांगावी लागते. शिवाय जॉबरला कळले तर उद्या काम जाईल ही भीती त्याच्या मनातून काढावी लागते, आणि ती भीती शेजारच्या साच्यावरचा माणूसही सही करतोय हे पाहिल्याशिवाय जात नाही. हे काम खात्याखात्यांतून, चाळीचाळींतून, एकेका माणसापाशी बसूनच होते. एम्पॉवरमेंट म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

मागण्या पाहा. दर रविवारी सुट्टी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. सकाळी साडेसहाला काम सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला सुटावे. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि कायमचा अपंग झाला तर पोटापुरती तजवीज. यातली एकही मागणी वाचून मालकाची गिरणी बुडेल असे कुणाला वाटेल का? पगार वेळेवर द्या, हे सांगायला साडेपाच हजार सह्या लागत होत्या, यातच सगळे आले.

मुंबई गिरणी कामगार संघाची, म्हणजे बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनची, सुरुवात याच सभांपासून धरली जाते. काही अभ्यासक ती १८९० पासून मोजतात. लोखंडे तिचे अध्यक्ष. अर्ज गेला, आयोगाचा अहवाल झाला आणि सरकारने तो बासनात बांधून ठेवला. अर्ज-विनंत्यांचे असे होते हे आपल्या चळवळीला नवीन नाही. पाच-सहा वर्षे गेली. लोखंडे पुन्हा उठले.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सजवळ सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री कामगारांनी भाषणे केली. हे आम्ही मुद्दाम लिहितो. १८९० साल आहे. संमतिवयाच्या विधेयकावरून पुण्या-मुंबईत रण माजायला अजून अवकाश आहे. उच्चवर्णीय घरातली बाई परपुरुषासमोर उभी राहिली तरी बोभाटा होतो. आणि इथे गिरणीत काम करणाऱ्या दोन बाया दहा हजार माणसांपुढे उभ्या राहून आपले म्हणणे मांडतात. ही सत्यशोधक विचाराची करामत आहे. सावित्रीबाईंनी पेरलेले ते होते. लोखंडेंना त्या बायांच्या वतीने बोलता आले असते, त्यांना भाषण येत होते. पण बायांचे दुखणे बायांनीच मांडायचे हे त्यांनी मानले. आजही किती युनियनच्या व्यासपीठांवर साधी कामगार स्त्री माईकसमोर दिसते, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

या सभेची मागणी एकच: आठवड्याची सुट्टी. रविवार का, तर तो खंडोबाचा वार आहे, अशीही बाजू लोखंडेंनी मांडल्याचे सांगितले जाते. सत्यशोधकाच्या तोंडी खंडोबा कसा, असे काहींना वाटेल. पण मालक म्हणत की यांना सणांच्या सुट्ट्या भरपूर आहेत. त्या सणांपैकी कामगाराच्या कुळाचा, त्याच्या मातीतला देव कुठला, हे त्यांनी मालकाला त्याच्याच युक्तिवादात अडकवून दाखवले. गिरणीमालकांच्या संघटनेने अखेर १० जून १८९० रोजी आठवड्याची सुट्टी मान्य केली. संप झाला नाही, दगड उचलला गेला नाही. दहा हजार माणसे एका जागी शांतपणे बसू शकतात, म्हणजे ती उद्या शांतपणे घरीही बसू शकतील, एवढे गणित मालकांना येत होते.

त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने फॅक्टरी आयोग नेमला. मुंबईतल्या त्याच्या कामात कामगारांच्या बाजूने लोखंडे सहभागी झाले. कामगाराला कामगाराच्याच भाषेत विचारणारा, त्याने काय सांगितले आणि काय गिळले हे ओळखणारा माणूस आयोगाच्या खोलीत बसला, हे पहिल्यांदा घडले. मग १८९१ चा फॅक्टरी कायदा झाला. आठवड्याची सुट्टी कायद्यात आली, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली. स्त्रियांना अकरा तासांची आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांना सात तासांची मर्यादा आली. नऊ वर्षांखालच्या मुलांना बंदी झाली. शंभराऐवजी पन्नास माणसांच्या कारखान्यालाही कायदा लागू झाला. मोठ्या पुरुष कामगारांच्या तासांना मात्र हात लागला नाही. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि मालकांनी रात्रीचाही दिवस करून घेतला.

याच १८९० सालात मुंबईत आणखी एक घटना घडली. ब्राह्मण विधवांचे केशवपन करायचे नाही, असे शेकडो न्हाव्यांनी सभा घेऊन ठरवले. विलायतेपर्यंत या बातमीचा गवगवा झाला. यामागची प्रेरणा लोखंडेंची मानली जाते. इथे तर पगाराचा प्रश्नही नव्हता, उलट मिळकत बुडणार होती. माझे हात कुठल्या कामाला लावायचे आणि कुठल्या नाही, हे मी ठरवीन, असे वस्तरा धरणाऱ्याने धर्मशास्त्राला सांगितले. कामगाराच्या स्वाभिमानाचे याहून मोठे उदाहरण एकोणिसाव्या शतकात आम्हाला तरी आढळत नाही.

कामगार चळवळीच्या इतिहासाची जाडजूड पुस्तके लिहिणाऱ्या काही पंडितांनी लोखंडेंना एक-दोन परिच्छेदांत उरकले आहे. त्यांचे म्हणणे असे की ती खरी युनियनच नव्हती. त्या काळच्या सरकारी अहवालाचा आधार ते देतात. त्यात असे नोंदले आहे की या संघाला सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत. जो कुणी कामगार येईल त्याला लोखंडे सल्ला देतात इतकेच. बरोबर आहे, नव्हती यादी. यादी केली असती तर ती पहिल्यांदा जॉबरच्या हातात पडली असती. नव्हता निधी, पगार महिना महिना अडकलेल्या माणसाकडून वर्गणी कुठून आणायची? युनियनला कायद्याचे संरक्षण मिळाले ते १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने, लोखंडे वारल्यावर एकोणतीस वर्षांनी. आणि जो येईल त्याला सल्ला, यात इतकेच म्हणण्यासारखे काय आहे? जात विचारली नाही, खाते विचारले नाही, वर्गणीची पावती विचारली नाही.

टीका करायचीच तर वेगळ्या ठिकाणी करता येते. लोखंडेंचा इंग्रज सरकारवर फार भरवसा होता. रावबहादूर ही पदवी आणि जस्टिस ऑफ द पीसचा मान त्यांनी घेतला. संघटना एका माणसाभोवती राहिली. दुसरी फळी उभी राहिली नाही. त्यांच्या मागे संघ टिकला नाही तो यामुळे.

१८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल पेटली. गिरणी कामगारही तिच्यात ओढले गेले. एकाच साच्याच्या दोन बाजूंना काम करणारी माणसे रस्त्यावर एकमेकांच्या जिवावर उठली. लोखंडे शांततेसाठी वस्त्यांतून फिरले आणि राणीच्या बागेत त्यांनी सर्व जातिधर्मांच्या लोकांचा मेळावा घेतला. १८९६ मध्ये प्लेग आला, तोही आधी मांडवीत, जिथे लोखंडेंनी नोकरी केली होती त्याच भागात. ज्याच्या अंगात धमक होती तो मुंबई सोडून पळाला. लोखंडे रुग्णांच्या सेवेत उतरले आणि त्याच प्लेगने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांना नेले. वय अवघे अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास. त्यानंतर महिन्याभराने, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्याच रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या.

लोखंडे गेल्यावर काही वर्षे गेली. १९०९ च्या सुमारास कामगार हितवर्धक सभा उभी राहिली. तिच्या आघाडीवर होते सीताराम केशव बोले. आपल्या वाचकांना हे नाव दुसऱ्या कारणाने ठाऊक आहे. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात हा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात मंजूर करून घेणारे तेच बोले. या ठरावाच्या पायावर उभे राहून बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी महाडचे चवदार तळे गाठले. गिरणगावातल्या कामगार सेवेचा धागा असा थेट महाडच्या पाण्यापर्यंत जातो, हे शाळेच्या पुस्तकांत येत नाही.

पण लोखंडेंच्या कामातला एक मोठा प्रश्न तसाच राहिला होता. गिरणीत सगळे कामगार एक, असे आपण म्हणतो खरे. पण कापड खात्यात अस्पृश्याला प्रवेश नव्हता. तिथे धोट्यात नवी कांडी भरल्यावर सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. जास्त पगाराची कामे कापड खात्यात, म्हणून ती कायम सवर्णांची. मालकाने हे बंधन घातले नव्हते. शेजारच्या साच्यावरच्या भावाने घातले होते. टीमवर्कवर व्याख्यान देणाऱ्यांनी हा धोटा टेबलावर ठेवूनच सुरुवात करावी, अशी आमची सूचना आहे.

१९२८ च्या मोठ्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी कम्युनिस्ट पुढाऱ्यांना नेमके याच धोट्यापाशी अडवले. अस्पृश्य कामगाराला सर्व खात्यांत काम मिळावे ही मागणी तुमच्या यादीत नसेल तर आमच्या माणसांनी तुमच्या संपात का यावे? पुढाऱ्यांनी नाखुशीने का होईना, मागणी घेतली. बाबासाहेबांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला, १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद घेतली आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला संपाचा हक्क आखडणाऱ्या विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांना बरोबर घेऊन एक दिवसाचा संप केला. धोट्यावरून भांडायचे आणि संपात खांद्याला खांदा लावायचा, या दोन गोष्टी त्यांना परस्परविरोधी वाटल्या नाहीत.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री झाले. सरकार, मालक आणि कामगार या तिघांनी एका टेबलाशी बसायचे ही त्रिपक्षीय परिषदेची पद्धत त्यांच्या कारकिर्दीत रुजली. १९४६ मध्ये आठवड्याचे कामाचे तास चोपन्नवरून अठ्ठेचाळीस झाले. पण आम्हाला सर्वात महत्त्वाचे वाटते ते नोव्हेंबर १९४३ चे विधेयक. कामगारांच्या युनियनला मालकाने मान्यता दिलीच पाहिजे, असे ते होते. साध्या भाषेत सांगायचे तर, मालकाला ऐकायचे असेल तेव्हा ऐकेल ही लोखंडेंच्या काळातली अडचण कायद्याने संपवायची होती. मालकांनी कडाडून विरोध केला. १९४७ मध्ये तशी दुरुस्ती संमतही झाली. मात्र ती अंमलात आणणारी अधिसूचना सरकारने कधी काढलीच नाही. कायदा झाला आणि कपाटात राहिला.

३ मे २००५ रोजी लोखंडेंच्या नावाचे टपाल तिकीट निघाले. परळच्या श्रमविज्ञान संस्थेलाही त्यांचे नाव आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता देशात लागू झाल्या. त्यात मान्यताप्राप्त युनियनची तरतूद आहे: ज्या युनियनकडे एक्कावन्न टक्के कामगार, तिच्याशी मालकाने बोलायचे, कुणाकडेच तेवढे नसतील तर वाटाघाटी परिषद. वीस किंवा अधिक कामगार असतील तिथे तक्रार निवारण समितीही आहे. संपाला मात्र चौदा दिवस आधी नोटीस, आणि ती आता सगळ्याच उद्योगांना.

हे सगळे मोजायचे कुठे, तर आस्थापनेच्या हजेरीपटावर. आपल्या वस्त्यांतले हजारो लोक शहरे झाडतात, गटारे उपसतात, रुग्णालयांत फरशा पुसतात, इमारतींच्या दारांत रात्रभर उभे राहतात. कचऱ्याची गाडी नगरपालिकेची असते, मुकादम नगरपालिकेचा असतो, हजेरीपट ठेकेदाराचा असतो, आणि ठेकेदार दर दोन-तीन वर्षांनी बदलतो. पगार अडकला तर नगरपालिका ठेकेदाराकडे बोट दाखवते, ठेकेदार न मिळालेल्या बिलाकडे. एक्कावन्न टक्के कुणाच्या हजेरीपटावरचे धरायचे, हे या माणसांना अजून कुणी सांगितलेले नाही.